ताण दिला, पण दर वेळी वेगळंच गवत जिंकलं

मार्च संपत आला की मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. "लॉनच्या चार जातींचे वाफे लावले, कोण जास्त टिकतं बघायला पाणी तोडलं. गेल्या वर्षी सिलेक्शन वन टिकलं होतं, यंदा तेच पहिलं वाळलं. आता पाच हजार फुटांची ऑर्डर कशाची देऊ?" फोन करणारा कधी सोसायटीचा सेक्रेटरी असतो, कधी फार्महाऊसचा मालक, कधी माझ्यासारखाच नर्सरीवाला. पुण्याजवळच्या उरुळी कांचन-सोरतापवाडी पट्ट्यात लॉनच्या चादरी (मातीसकट उचललेले गवताचे पट्टे) विकण्यात माझी चौदा वर्षं गेली. त्यातली निदान सात वर्षं मीही हाच घोळ घालत होतो.

२०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, तेव्हापासून गिऱ्हाईक भावाआधी पाण्याचं विचारायला लागलं. मग मीही नर्सरीच्या मागच्या बाजूला अर्धा गुंठा राखून ठेवला आणि दर उन्हाळ्यात जातींना ताण द्यायला लागलो. संत्र्याचा बहार धरताना बागेचं पाणी तोडतात, तसाच हा ताण. फरक इतकाच, की इथे फुलाची वाट बघायची नसते, कोण किती दिवस हिरवं राहतं ते मोजायचं असतं.

काम सोपं वाटतं आणि तिथेच फसतं. आपण गवताची परीक्षा घेतोय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात बहुतेक वेळा जमिनीची खोली, गळका वॉल नाहीतर भिंतीची सावली यांचीच परीक्षा होऊन जाते.

लक्षणं

खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी दिसत असतील तर जातीला नावं ठेवू नका, चाचणी तपासा.

- एकाच जातीचे दोन वाफे. एक हिरवागार, दुसऱ्याचं काड झालेलं.
- वाळलेला पट्टा वाफ्याची हद्द पाळत नाही. दोन-तीन जाती ओलांडून तिरका जातो किंवा गोल चट्टा पडतो.
- कडेचा किंवा कोपऱ्यातला वाफाच नेहमी जिंकतो.
- कुंड्यांत लावलेल्या सगळ्या जाती दोन-तीन दिवसांच्या फरकाने एकदमच माना टाकतात.
- माती खाली ओली आहे तरी पानांची टोकं पहिल्या आठवड्यातच करपतात.
- ज्याला "मेलं" म्हणून शून्य मार्क दिले, ते पहिल्या पावसात सगळ्यांच्या आधी उगवून येतं.
- ज्याला पाणी चालूच ठेवलं होतं, तो वाफाही पिवळा पडतो.

शेवटचं लक्षण सगळ्यात कामाचं. ताणाच्या वाफ्यांशेजारी रोज पाणी मिळणारा एक जोडवाफा नसेल, तर वाळणं तहानेमुळे आहे की आणखी कशामुळे हे सांगताच येत नाही. तो नसेल तर यंदाचा निकाल कच्चा समजा.

आणि हो, आधी उभं राहून नुसतं वाळल्याचा आकार बघा. वाफ्याच्या सुतळीला लागून सरळ रेषेत रंग बदलत असेल तर तो जातीचा फरक. सुतळी न जुमानता बदलत असेल तर कारण मातीत किंवा पाण्यात आहे. ही एक नजर पुढची निम्मी कामं वाचवते.

आधी पाटी बघा

यात पैसा लागत नाही, म्हणून लोक ही तपासणी करतच नाहीत. लॉनच्या नावांचा आपल्या बाजारात आनंदीआनंद आहे. एकच चादर एका नर्सरीत मेक्सिकन म्हणून मिळते, पुढच्या फाट्यावर तीच कोरियन होते. "बफेलो" हे नाव तर खास गोंधळाचं. अमेरिकेतल्या मधल्या मैदानी भागातलं देशी बफेलो ग्रास बारीक पानाचं आणि दुष्काळाला चिवट. ऑस्ट्रेलियात मात्र बफेलो म्हणजे सेंट ऑगस्टिन, रुंद पानाचं, सावलीला बरं. नेटवर अमेरिकन बफेलोचं कौतुक वाचायचं, रुंद पानाची चादर आणायची आणि ते वाळलं म्हणून हळहळायचं, हे मी तीन वेळा पाहिलंय.

नावातला घोटाळा ओळखायची आणखी एक खूण टिफवे ४१९ ची. हरळीचीच ही संकरित जात १९६० साली ग्लेन बर्टन यांनी जॉर्जियातल्या टिफ्टन इथून दिली. तिला रुजणारं बी धरत नाही, ती काडीने किंवा चादरीनेच वाढवावी लागते. तेव्हा कुणी "४१९ चं बी" पुडीतून देत असेल तर ती पुडी काहीही असेल, ४१९ नाही.

चादर कुठून आणली, कधी लावली, हे वाफ्याच्या पाटीवर रंगाने लिहा. मार्कर पेन एप्रिलच्या उन्हात महिनाभरात उडतो. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या निम्म्या पाट्या कोऱ्या झाल्या होत्या आणि मी आठवणीवर निकाल लिहिला होता. त्या वहीचा आज काही उपयोग नाही.

पाणी खरंच तुटलंय का

२०१९ च्या उन्हाळ्यात माझा सात नंबरचा वाफा अठरा दिवस हिरवा राहिला. शेजारची तीच जात दहाव्या दिवशी गेली होती. मी माती उकरली, वॉल बघितला, डोकं खाजवलं. शेवटी एका संध्याकाळी आमचे माळीकाका रंगाच्या डब्याने सात नंबरला पाणी घालताना दिसले. रोज बसायची त्यांची जागा तिथेच, आंब्याखाली.

"काका, हे काय?"

"मालक, डोळ्यांदेखत वाळतंय. बघवंना झालं, म्हून घातलं दोन डबं."

त्यांना काय बोलणार? ज्याने जन्मभर झाडं जगवली त्याला आपण सांगतो, हे मुद्दाम मरू दे. आता मी ताण सुरू करायच्या आधी काकांना सगळं समजावून सांगतो आणि पाणी घालायला त्यांच्यासाठी तो जोडवाफा ठेवतो. तुमच्याकडेही आधी माणसांना विचारा. माळी, वॉचमन, पायपाने गाडी धुणारा ड्रायव्हर, खेळून झाल्यावर बाटली रिकामी करणारी मुलं.

मग वॉल. बंद केलेला वॉलही रात्री दाब वाढला की थेंबथेंब गळतो. त्याच्या तोंडाशी रात्री एक बादली लावून ठेवा. सकाळी पाव भरली असेल तरी त्या वाफ्याचा निकाल बाद. कारण हिशेब असा आहे: एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाणी. एप्रिलमध्ये आमच्या भागात चांगलं लॉन दिवसाला साधारण ५ मिलिमीटर उडवतं. दोन चौरस मीटरच्या वाफ्याला रोज चार लिटर चोरून मिळाले, तर त्याची चाळीस टक्के तहान भागली.

शेजारच्या ओल्या जागेतूनही पाणी झिरपतं. उतारावर वरच्या अंगाला भाजीचा वाफा असेल तर खालचं गवत त्याच्या जिवावर मजेत राहतं. कडेचा वाफा नेहमी जिंकतो त्याचं कारण बहुधा हेच. उलटही होतं: पाच-सहा फुटांवर अशोकाची रांग असेल तर तिची मुळं वाफ्यातलं पाणी आधी ओढून घेतात. आणि पश्चिमेला तोंड असलेली भिंत चार वाजता तव्यासारखी तापते, तिच्या पायथ्याचं गवत कुठल्याही जातीचं असो, आधीच जातं.

मार्क कधी दिले, कोणी दिले

दुपारी तीनला बघितलं तर सगळंच मलूल दिसतं, सकाळी साडेसहाला सगळंच टवटवीत. दुपारी मान टाकून सकाळी उठणारं गवत अजून ठीक आहे. सकाळीही पान मिटलेलंच, रंग निळसर-राखाडी, आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिलेले, तर ताण खरा लागला. म्हणून मी दोन फेऱ्या मारतो, संध्याकाळी चार आणि दुसऱ्या दिवशी पहाटे. रोज तीच वेळ, तोच माणूस. एक दिवस मी आणि एक दिवस भाचा, असं केलं तर आमच्या दोघांच्या डोळ्यांतला फरक जातीच्या नावावर जमा होतो.

अमेरिकेत जातींच्या राष्ट्रीय चाचण्यांत १ ते ९ असे मार्क देतात. ९ उत्तम, ६ म्हणजे चालेल. ही पद्धत घ्या, पण एक काळजी घ्या. काही जाती मुळातच फिकट असतात. त्यांना पहिल्या दिवसापासून कमी मार्क पडतात आणि शेवटी त्या तहानलेल्या ठरतात. वाफ्याची तुलना शेजारच्या वाफ्याशी करण्याआधी त्याच्याच पहिल्या दिवसाच्या फोटोशी करा.

फोटोवरून मोजणं तर फारच सोयीचं. अर्कान्सस विद्यापीठातल्या माइक रिचर्डसन, डग कार्चर या मंडळींनी २००१ च्या सुमारास फोटोतले हिरवे ठिपके मोजून टक्केवारी काढायची रीत बसवली. आता ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचं कॅनोपिओ नावाचं ॲप मोबाइलवर हेच करतं. वाफ्यावर छत्री धरून एकसारख्या सावलीत, कमरेच्या उंचीवरून सरळ खाली फोटो काढायचा. हिरवाई निम्म्यावर यायला किती दिवस लागले, तो त्या जातीचा आकडा. वाद मिटतो.

वीस पेल्यांची तपासणी

ताण सुरू करण्याआधी सगळे वाफे सारखे भिजले पाहिजेत. इथे बहुतेकांचा घात होतो, कारण फवारा सुरू असताना सगळं सारखंच ओलं दिसतं.

सरळ कडेचे वीस प्लास्टिकचे पेले आणा. निमुळते नकोत, त्यात उंची खोटी येते. वाफ्यांवर सारख्या अंतरावर ठेवा, स्प्रिंकलर वीस मिनिटं चालवा, पट्टीने प्रत्येकातलं पाणी मोजा. सगळ्यांची सरासरी काढा. मग सर्वांत कमी पाणी असलेल्या पाच पेल्यांची सरासरी काढा आणि तिला पहिल्या सरासरीने भागा. माझ्याकडे पहिल्यांदा सरासरी ९ मिलिमीटर आली आणि तळाच्या पाचांची ५. म्हणजे पंचावन्न टक्के. सत्तरच्या खाली आलं की जातींचा निकाल लावू नये असा माझा नियम आहे, कारण काही वाफे अर्ध्या पोटीच शर्यतीला उभे राहतात. त्या वेळी कारण निघालं दुपारचा पश्चिमेचा वारा आणि एका नोझलमध्ये अडकलेली गोगलगाय. पहाटे पाणी दिलं, नोझल साफ केली, आकडा अठ्ठ्याहत्तरवर गेला. खर्च पेल्यांचा तेवढा.

वाफे मोजके असतील तर स्प्रिंकलर सोडूनच द्या. पाइपाला मीटर लावून किंवा बादल्या मोजून हाताने पाणी द्या. मग दोन दिवस थांबून जमीन वाफशावर आली (जास्तीचं पाणी निथळून नुसती ओल राहिली) की तो दिवस शून्य धरा.

भिजवूनही एखादा चट्टा कोरडाच राहतो का? तिथली मातीची खपली काढून सावलीत वाळवा आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. पाच सेकंदांच्या पुढेही थेंब मोत्यासारखा बसून राहिला, तर ती माती पाणी झटकतेय. जुन्या लॉनमध्ये काडीकचऱ्याचा थर साचला की असं होतं. वरून दिलेलं पाणी शेजारच्या वाफ्यात वाहून जातं आणि दोन्ही निकाल बिघडतात. काट्याने भोकं पाडून पुन्हा सावकाश भिजवा.

आरओवाल्याचा पेन मागून आणा

उन्हाळ्यात सोसायट्यांमध्ये सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं पाणी लॉनला जातं, बोअर आटली की टँकर येतो, आणि दर टँकरची विहीर वेगळी. या पाण्यात क्षार असतात. क्षारामुळे माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. लक्षण हुबेहूब तहानेचं, पण पानांची टोकं आधी करपतात आणि वाळल्यावर मातीवर पांढरट पापुद्रा येतो.

घरच्या फिल्टरवाल्याकडे टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा पेन असतो. ४५० च्या आत आकडा असेल तर काळजी नाही. २००० च्या पुढे असेल तर तुम्ही दुष्काळाची चाचणी घेतच नाही आहात, खाराची घेताय. अशा पाण्यावर पास्पालम हमखास पहिलं येतं, कारण ते मुळात समुद्रकाठचं गवत आहे. एका सोसायटीने असाच निकाल पाहून पास्पालम पसंत केलं आणि त्यांच्या जागी ते शोभलंही, कारण त्यांना कायम तेच पाणी वापरायचं होतं. पण तोच निकाल ऐकून शेजारच्या गोड्या पाण्याच्या बंगल्यात लावलं, तिथे ते साध्या हरळीच्या आधी वाळलं.

पहार घ्या

आता घाम गाळायचा. माझ्या अनुभवात खरा गुन्हेगार दहातल्या सहा वेळा इथे सापडतो.

जमीन ओली असताना दर वाफ्यात चार ठिकाणी बोटाएवढी सळई दाबा आणि किती खोल जाते त्याची नोंद करा. बांधकामाच्या जागी वर सहा इंच छान पोयटा असतो आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळ. मागे एकदा एका बंगल्यात सळई सगळीकडे पाच इंचांवर खणकन थांबायची, खणल्यावर आख्खी जुनी पार्किंगची फरशी निघाली.

हे इतकं महत्त्वाचं का? पोयट्याच्या एक फूट थरात गवताला घेता येईल असं साधारण ४५ मिलिमीटर पाणी मावतं. दिवसाला ५ मिलिमीटर उडणार असेल तर सहा इंच मातीवर चार-साडेचार दिवस निघतात, दीड फुटावर तेरा. ताण वाढला की गवत हात आखडतं, त्यामुळे प्रत्यक्ष दिवस वाढतात, पण प्रमाण तेच राहतं. आता बघा, मातीच्या खोलीने आठ-नऊ दिवसांचा फरक पडतोय आणि चांगल्या दोन जातींमधला फरक माझ्या वाफ्यांत तीन ते पाच दिवसांचा असतो. फरशीवरची उत्तम जात खोल मातीतल्या सुमार जातीपुढे हरणारच.

काळ्या मातीत वेगळीच गंमत. ती पाणी भरपूर धरते, पण त्यातलं बरंचसं सोडत नाही. वाळली की बोट जाईल अशा भेगा पडतात, भेगेच्या कडेची मुळं तुटतात आणि तिथूनच वाळणं सुरू होतं. काळ्या मातीत आलेला निकाल मुरमाड जागेसाठी वापरू नका, उलटही नको.

सळईचे आकडे वाफ्यावाफ्यांत चार बोटांपेक्षा जास्त हलत असतील तर तिथे चाचणी घेऊ नका. जागा बदला किंवा माती काढून सगळीकडे सारखी भरून घ्या.

उपटून बघा

एका कोपऱ्यातून चार इंचाचा चौकोन कुदळीने काढा. चादर नुकतीच अंथरली असेल तर मुळं दीड-दोन इंचांतच घुटमळत असतात. फेब्रुवारीत लावून एप्रिलमध्ये ताण दिला तर हरळी जिंकते, कारण ती झपाट्याने मुळं सोडते. कोरियन म्हणून मिळणारं झॉयशिया हळू बसतं, त्याला एक पूर्ण पावसाळा मिळायला हवा. म्हणजे जून-जुलैला लागवड, पुढच्या फेब्रुवारी-मार्चला ताण. कापणीची उंची सारखी ठेवा आणि आदल्या महिन्यात युरिया मारू नका. युरियाने पानं माजतात, पाणी जास्त उडतं.

चादर गालिच्यासारखी अलगद उचलली गेली आणि खाली मुळंच नसली, तर हुमणी. इंग्रजी सीसारखी वाकलेली पांढरट अळी, तपकिरी डोक्याची. तिचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात ताण देणाऱ्यांनी हे नक्की बघावं. मुरमाड जमिनीत वाळवीही वाळक्या काडीला लागते. कीड सापडली की त्या वाफ्याचा निकाल वहीत खोडा. "थोडीच आहे" म्हणून ठेवू नका.

कुंडीची चाचणी

गच्चीवर कुंड्यांत जाती लावून ताण देणारे खूप आहेत आणि त्यांचा उत्साह मला आवडतो. पण दहा इंचांच्या कुंडीत हरळीचं सगळ्यात मोठं हत्यारच काढून घेतलेलं असतं. मोकळ्या खोल जमिनीत तिची मुळं चार-पाच फूटही जातात, कुंडीत तळाला आपटून गोल फिरतात. उरतं काय, तर कोण पाणी सावकाश पितं. खुरटं, कमी पानांचं गवत साहजिकच जास्त दिवस टिकतं आणि जिंकल्यासारखं दिसतं.

कुंडीच वापरायची असेल तर वजनाचा काटा घ्या. एक किलो घट म्हणजे एक लिटर पाणी गेलं. रोज सगळ्या कुंड्या सारख्या ओलीवर आणून ठेवा, जास्त पिणारीला जास्त द्या. मग निदान सारख्या कोरड्या मातीत कोण सोसतं एवढं कळेल. खोल मुळांबद्दल कुंडी काही सांगणार नाही.

मांडणीच चुकली असेल तर

वरचं सगळं ठीक निघालं आणि तरी निकाल हलतोय, तर दर जातीचा एकेकच वाफा असणार. एक वाफा म्हणजे एक नशीब. चार जाती असतील तर दर जातीचे तीन, असे बारा वाफे करा, पाच बाय पाच फुटांचे. अर्धा गुंठा पुरतो. उताराला आडवे तीन पट्टे पाडा, दर पट्ट्यात चारही जाती आल्या पाहिजेत, आणि कुठली कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मनाने ठरवलं की लाडकी जात चांगल्या जागी जाते, हात आपोआप तिकडे वळतो. वाफ्यांमध्ये दोन फूट खोल प्लास्टिकचा कागद उभा गाडा, म्हणजे झिरप आणि हरळीची घुसखोरी दोन्ही थांबतात. कडेचं अर्धा फूट गवत मोजू नका.

याला एक आख्खं वर्ष जातं, म्हणून हे शेवटी सांगितलं. शिवाय वळीव. एप्रिल-मेमध्ये एक सर आली की पंधरा दिवसांची मेहनत वाहून जाते. मी फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत उरकतो आणि आभाळ आलं तरच कागद ओढतो. कायम कागद ठेवला तर खाली भट्टी होते.

मेलं की झोपलं

वाळून पिवळं पडलेलं गवत मेलेलंच असतं असं नाही. हरळी जमिनीखालच्या काडीत जीव राखून वरची पानं सोडून देते. काडी नखाने सोला: आत पांढरी आणि टणक असेल तर जिवंत, तपकिरी आणि पोकळ असेल तर गेली. म्हणून वहीत दोन रकाने हवेत, किती दिवस हिरवं राहिलं आणि ताण तोडल्यावर किती दिवसांत परत आलं. बंगल्यातल्या गिऱ्हाइकाला पहिला आकडा हवा असतो, मैदानवाल्याला दुसरा. निम्मी काडी मेली की मी ताण तोडतो, त्यापुढे ताणून नवीन काही कळत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- जोडवाफाही पिवळा पडतोय आणि हुमणी, क्षार, गळती यांतलं काही सापडत नाही. रोग किंवा सूत्रकृमी असू शकतात. सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना प्रयोगशाळाच लागते. अंदाजाने औषध मारू नका, त्याने चाचणी आणि माती दोन्ही बिघडतात.
- टीडीएस २००० च्या पुढे, किंवा भिजवल्यावर माती चिकट होऊन वर पाणी साचतं. जमीन चोपण (सोडियम साचून पाणी न मुरणारी) झाली असेल. मातीचा आणि पाण्याचा नमुना तपासल्याशिवाय जिप्सम ओतू नका.
- सगळे वॉल बंद असताना मीटर फिरतोय. गळती जमिनीखाली आहे, प्लंबर बोलवा. बोअरच्या पॅनेलला स्वतः हात लावू नका.
- निकालावर मैदान किंवा एकरभर लागवड ठरणार आहे. माझ्यासारख्याच्या अर्ध्या गुंठ्यावर तेवढा पैसा लावू नका. पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं पुष्प संशोधन संचालनालय आहे, राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. इतर जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रातून सुरुवात करा.

नमुना नेताना मेलेल्या चट्ट्याच्या मधला नेऊ नका, तिथे आता फक्त कुजवणारी बुरशी सापडेल. हिरवं आणि पिवळं जिथे भेटतं त्या कडेवरून, मुळं आणि चार इंच मातीसकट काढा. दुसरा नमुना चांगल्या वाफ्यातला घ्या. दोन्ही वेगळ्या पिशव्यांत, बाहेर पाटीचा नंबर लिहून, गाडीच्या डिकीत न तापवता सोमवारी सकाळी पोचवा. शनिवारी दिलेला नमुना तिथल्या टेबलावर दोन दिवस वाळतो.